आपले आरोग्य : दाखवायचा दात आणि खायचा दात

हत्तीचे दाखवायचे दात निराळे आणि खायचे दात निराळे, ही म्हण आपण सहसा दुटप्पी माणसास उद्देशून वापरतो. तीत निंदा असते. परंतु मनुष्याच्या आयुष्यातही असा एक काळ येऊ शकतो की, त्या काळात दाखवायचा दात आणि खायचा दात यांत भेद राखणे हाच शहाणपणा ठरतो. गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ बसविले जाते. यालाच दंतवैद्य इम्प्लांट म्हणतात. त्यावर कायमचा दात चढविण्यापूर्वी बहुधा काही महिने थांबावे लागते. या मधल्या महिन्यांत तोंडात जो तात्पुरता दात राहतो, त्याच्या रचनेचा आणि वापराचा विचार आज आपण करणार आहोत. तात्पुरती वस्तू म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळदा त्या दुर्लक्षाची किंमत कायमच्या दातास मोजावी लागते.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक जुने खेडे. आज त्याच्या अरुंद गल्ल्यांभोवती दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका उभ्या आहेत. जवळच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, एका बाजूस रामकृष्णपुरमची सरकारी निवासस्थाने आहेत आणि राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थाही याच परिसरात आहे. १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथून फार दूर नाही. तिचे दंतशिक्षण व संशोधन केंद्र प्रसिद्धच आहे. खासगी दंतवैद्यांच्या पाट्याही या भागात जागोजाग दिसतात. दातांवर उपचार करून घेण्याची सोय नाही, अशी तक्रार येथे राहणाऱ्यास सहसा करता येणार नाही.

परंतु या वस्तीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. येथील पुष्कळशी माणसे काही वर्षांपुरतीच आलेली असतात. विद्यार्थी शिक्षण संपताच जातात. सरकारी नोकरांची बदली होते. नागपूरचे किंवा सोलापूरचे एखादे कुटुंब तीन वर्षे येथे काढते आणि पुन्हा सामान बांधते. ज्या उपचारास चार, सहा, कधी आठ महिने लागतात, तो अशा कुटुंबाच्या बाबतीत एका गावी सुरू होऊन दुसऱ्या गावी पुरा होण्याचा संभव असतो. देशातील सर्वच मोठ्या शहरांतील बदलीच्या कुटुंबांची हीच स्थिती आहे. म्हणून हा विषय केवळ दंतवैद्यावर सोपवून चालत नाही. रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनीही तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम, थांबावे का लागते ते पाहू. १९५२ साली स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क हे संशोधक सशाच्या पायातील हाडाचा रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे एक उपकरण वापरीत होते. प्रयोगानंतर ते उपकरण काढू गेले, तो ते निघेना. हाडाने धातूस परके न मानता घट्ट कवटाळले होते. या निरीक्षणाचे मोल ओळखून त्यांनी पुढे वर्षानुवर्षे काम केले आणि १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. लार्सन २००६ साली निवर्तले, तोवर ती मुळे त्यांच्या तोंडात काम देत होती. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य होऊ लागली.

ब्रोनमार्क यांचा दंडक कडक होता. मूळ बसविल्यावर ते हिरडीखाली झाकून ठेवावयाचे, खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने त्यावर कसलाही भार पडू द्यावयाचा नाही. आज मुळांचे पृष्ठभाग सुधारले आहेत व हा काळ पुष्कळदा दोन ते चार महिन्यांवर आला आहे. हाडाची भर घालावी लागली तर मात्र तो लांबतो. काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो, हेही खरे आहे; त्याच्या अटी पुढे येतील. परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. हाड धातूस धरीपर्यंत धातू हलता कामा नये. ही हालचाल सुमारे १०० ते १५० मायक्रॉनहून, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याहून अधिक झाली, तर मुळाभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचे आवरण तयार होण्याची भीती असते. असे झाले की ते मूळ काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मूळ बसविले त्या दिवशी ते लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखे केवळ घट्टपणाने उभे असते. त्यानंतर शरीर आपले दुरुस्तीचे काम हाती घेते. स्क्रूलगतचे जुने, दुखावलेले हाड हळूहळू शोषले जाते आणि त्याच्या जागी नवे हाड येऊ लागते. जुने गेले आहे व नवे अजून पक्के झाले नाही, अशी एक मधली अवस्था येते. ती सर्वसाधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. मूळ त्या वेळी सर्वांत दुबळे असते. दुर्दैव असे की, नेमके तेव्हाच टाके निघालेले असतात, सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि रुग्णास वाटू लागते की आता सारे ठीक झाले. पहिल्या आठवड्यात पेजेवर राहणारा मनुष्य तिसऱ्या आठवड्यात दाणे फोडू लागतो. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा आपला नेहमीचा आडाखा येथे साफ चुकतो.

मग तात्पुरता दात घालावाच कशाला, तोंड तसेच का ठेवू नये, असे कोणी विचारील. मागची दाढ असेल तर पुष्कळदा तसेच ठेवणे सर्वांत उत्तम, आणि चांगला दंतवैद्य तसा सल्लाही देतो. परंतु पुढचा दात गेला तर प्रश्न निराळा होतो. चार महिने तोंडावर हात ठेवून बोलणारी शिक्षिका, मुलाखतीस जाणारा पदवीधर, लग्न ठरत असलेली मुलगी यांच्या दृष्टीने ती फट केवळ रूपाची बाब नसते. माणूस हसणे टाळू लागतो, मग बोलणे टाळू लागतो. त्यास नटवेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

शिवाय यास शारीरिक कारणेही आहेत. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलू लागतात व समोरच्या जबड्यातील दात लांबू लागतो. हिरडीची कमान बसते. दात काढल्यानंतर त्या ठिकाणच्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्म्याने घटू शकते आणि त्या घटीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो, असे एका प्रसिद्ध पाहणीत २००३ साली दिसून आले. तात्पुरता दात हाडाची ही झीज थांबवू शकत नाही. तथापि हिरडीस आधार देणे आणि शेजारच्या दातांना जागेवर राखणे, ही दोन कामे तो करू शकतो.

आता त्याचे प्रकार पाहू. पहिला व सर्वांत जुना प्रकार म्हणजे काढता-घालता येणारा अ‍ॅक्रिलिकचा दात, अर्थात एका दाताची लहानशी कवळी. तो स्वस्त असतो. दात काढण्यापूर्वीच माप घेऊन तो तयार करता येतो, त्यामुळे रुग्ण एक दिवसही दाताविना राहत नाही. परंतु तो हिरडीवर टेकतो आणि हिरडीखाली तर मूळ रुजत असते. म्हणून त्याची रचना विचारपूर्वक केली पाहिजे. चावण्याचा भार शेजारच्या मजबूत दातांवर जावा, यासाठी त्यास आधाराचे आकडे हवेत. मुळाच्या वरचा भाग आतून पोकळ कोरलेला हवा, म्हणजे सूज आली तरी तेथे दाब पडणार नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी तो पुन्हा तपासून, लागेल तेथे घासून घ्यावा लागतो. असा दात अगदी चिमुकला व आकड्यांवाचून केलेला नसावा. झोपेत तो गिळला जाण्याचा किंवा श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. साधे अ‍ॅक्रिलिक क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसत नाही, त्यामुळे हरवलेला दात शोधणेही कठीण होते. रात्री तो काढून पाण्यात ठेवावा, हा नियम यासाठीही आहे.

दुसरा प्रकार पारदर्शक साच्याचा. सर्व दातांवर बसणारे पातळ प्लॅस्टिकचे आवरण करून त्यात रिकाम्या जागी दाताच्या रंगाचा दात बसवितात. हे आवरण दातांवर टेकते, हिरडीस ते दाबत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ही फार मोठी सोय आहे. दोष असा की, ते लावून जेवता येत नाही आणि सतत चावल्यास ते झिजते व तडकते. हा शुद्ध दाखवायचा दात आहे. त्याचा गुणही हाच आहे. जेवताना तो काढून ठेवावयाचा, हे रुग्णास आपोआपच लक्षात राहते.

तिसऱ्या प्रकारात कृत्रिम दात शेजारच्या दातांच्या मागील बाजूस चिकटवितात, आतून तार किंवा काचतंतूंची पट्टी देतात. कधी कधी रुग्णाचाच काढलेला दात, मूळ कापून व स्वच्छ करून, अशा रीतीने पुन्हा त्याच जागी लावता येतो. रंग, आकार, ठेवण सारे मूळचेच असते, त्यामुळे रुग्णाच्या मनासही धीर येतो. हा दात काढावा लागत नाही, हिरडीस तो दाबत नाही. परंतु कडक पदार्थ चावल्यास तो सुटतो आणि शस्त्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर दंतवैद्याला तो उतरवून पुन्हा लावावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हा प्रकार विशेष उपयोगी आहे. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत मुलांना इम्प्लांट सहसा बसवीत नाहीत, कारण धातूचे मूळ जागच्या जागी राहते व शेजारचे दात पुढे वाढत जातात. क्रिकेट खेळताना पुढचा दात गमावलेल्या बारा वर्षांच्या मुलास असा तात्पुरता दात कित्येक वर्षे वापरावा लागतो. अर्थात, कायमचा दात मुळासकट निखळून पडला असेल तर तो फेकू नये. मुळास हात न लावता, वरच्या भागाने धरून तो दुधात ठेवावा आणि शक्य तर अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. तो परत रुजण्याचा संभव असतो. कोणताही कृत्रिम दात त्याची बरोबरी करू शकत नाही.

चौथा प्रकार म्हणजे मुळावरच, बहुधा त्याच दिवशी, स्क्रूने बसविलेला तात्पुरता दात. जाहिरातींत ‘एका दिवसात दात’ म्हणून जो येतो तो हा. तो खोटा नाही, परंतु सर्वांसाठीही नाही. मूळ बसविताना ते पुरेशा जोराने घट्ट बसले पाहिजे; हा जोर मोजण्याचे साधन असते आणि सुमारे ३५ न्यूटन-सेंटिमीटर हे माप पुष्कळ ठिकाणी किमान मानतात. हाड चांगले हवे, दात रात्री करकरा खाण्याची सवय नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा दात समोरच्या दातास कोठेही लागता कामा नये. तोंड मिटताना नाही, जबडा पुढे नेताना नाही, बाजूस सरकविताना तर नाहीच. म्हणून तो मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. दात आखूड झाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास दंतवैद्य आधीच कारण सांगून ठेवील, तर दोघांचाही मनस्ताप वाचेल.

सर्वच दात गेलेल्या वृद्धांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या जुन्या कवळीस आतून पोकळ करून मऊ अस्तर लावतात. ब्रोनमार्क यांच्या पद्धतीत शस्त्रक्रियेनंतरचे साधारण दोन आठवडे कवळी घालण्यासच मनाई होती. कित्येकदा चार किंवा अधिक मुळे एका ताठ पट्टीने जोडून त्यावर तात्पुरती दंतपंक्ती बसविता येते. एकेकट्या मुळावर न पडता भार सर्वांवर वाटला जातो, हे त्यातील मर्म. आजी-आजोबांना मऊ जेवण करून देणे आणि त्यांनी लपवून सुपारी कातरली नाही ना, हे प्रेमाने पाहणे, हे घरच्यांचे काम.

तात्पुरता दात एवढ्यावरच संपत नाही. नाटकापूर्वी जशी रंगीत तालीम होते, तशी कायमच्या दाताची ही तालीम असते. हिरडी ही मांडवावर चढविलेल्या वेलीसारखी आहे. जसा आधार द्यावा तसा आकार ती घेते. तात्पुरत्या दाताचा हिरडीत शिरणारा भाग अंड्यासारखा गोलसर व अत्यंत गुळगुळीत केला, थोड्या थोड्या दिवसांनी त्यात किंचित भर घातली, तर दोन दातांमधील हिरडीची टोके जागेवर राहण्यास मदत होते. तो भाग खरखरीत राहिला किंवा चिकटविण्याच्या सिमेंटचा कण हिरडीखाली अडकून पडला, तर हिरडी लाल होते, रक्त येते आणि पुढे हाडही खराब होऊ शकते. हिरडी एकदा मनासारखी घडली की तिचेच माप घेऊन कायमचा दात करावयाचा असतो.

तालमीत वाणीचीही परीक्षा व्हावी. मराठीत ‘त, थ, द, ध’ म्हणताना जीभ वरच्या दातांस लागते. ‘फ, व’ म्हणताना खालचा ओठ दातांकडे जातो. ‘चाक’, ‘जाळे’, ‘झाड’ यांतील च-ज-झ आपण दातांपाशीच उच्चारतो. हे शब्द आरशापुढे मोठ्याने म्हणून पाहावेत. शिट्टीसारखा आवाज आला, जीभ अडखळली, तर दंतवैद्यास अवश्य सांगावे. तात्पुरता दात घासून बदलता येतो. कायमच्या दातात बदल करणे अवघड व खर्चाचे असते.

घरी पाळावयाचे नियम सोपे आहेत. वरणभात, खिचडी, दलिया, पिठले, शिजवलेल्या भाज्या यांवर काही आठवडे काढावेत आणि दुसऱ्या बाजूने चावावे. ऊस, चिक्की, फुटाणे, कणीस आणि दिल्लीच्या थंडीतील गजक-रेवडी यांना तूर्त नमस्कार करावा. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात हवी. अ‍ॅक्रिलिकचा दात ऊन पाण्यात घालू नये, तो वाकडा होतो. निघालेला दात बाजारी गोंदाने घरीच चिकटविण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. रस्त्याच्या कडेला बसून तारेने व कच्च्या अ‍ॅक्रिलिकने दात ‘पक्के’ करून देणारे लोक काही शहरांत अजून आढळतात. ते मिश्रण तोंडातच घट्ट होताना तापते, हिरडीस झोंबते आणि त्याखाली घाण साचून चांगले दातही जातात. १९४८ साली दंतवैद्यांसंबंधीचा कायदा झाला, तो अशा अशिक्षित हातांपासून जनतेचे रक्षण व्हावे याकरिताच.

उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या दंतवैद्यास पुढील प्रश्न विचारावेत. मधल्या काळात मला कोणत्या प्रकारचा दात मिळणार? तो लावून जेवता येईल की केवळ दाखविण्यापुरता आहे? त्याचा खर्च एकूण रकमेत धरला आहे की निराळा? तो मोडला तर दुरुस्ती कोण करणार? कायमचा दात कधी बसणार? प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी व पालिकेच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत आणि मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय तर १९३३ पासून चालू आहे.

बदलीवर जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. मुळाचा उत्पादक, प्रकार, व्यास व लांबी, ते बसविल्याची तारीख आणि काढलेली क्ष-किरण छायाचित्रे यांची नोंद लिहून घ्यावी. एका कंपनीच्या मुळास दुसऱ्या कंपनीचा स्क्रू बहुधा लागत नाही. मुनिरक्यात बसविलेल्या मुळावर नागपुरात दात चढवावयाचा, तर नागपूरच्या दंतवैद्यास ते मूळ कोणते हे कळलेच पाहिजे. ही नोंद नसली तर तो बिचारा अंधारात चाचपडतो आणि रुग्णाचा वेळ व पैसा व्यर्थ जातो. शिधापत्रिका व मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आपण जसे आठवणीने बरोबर घेतो, तसाच हा कागद घ्यावा.

आणि अखेरची सूचना. तात्पुरता दात चांगला जमला की रुग्ण पुन्हा फिरकत नाही, हा पुष्कळ दंतवैद्यांचा अनुभव आहे. दिसण्याची अडचण दूर झाली, दुखणे नाही, उरलेले पैसे दुसऱ्या कामी लागतात. पाहू पुढच्या महिन्यात, असे म्हणता म्हणता वर्ष उलटते. अ‍ॅक्रिलिक तोवर झिजते, स्क्रू सैल होतो, हिरडीखाली किटण साचते. ज्या मुळासाठी इतके सोसले तेच धोक्यात येते. म्हणून ज्या दिवशी तात्पुरता दात बसेल, त्याच दिवशी कायमच्या दाताची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि घरच्या एखाद्या व्यक्तीने ती लक्षात आणून देण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. दाखवायच्या दाताने आपले काम चोख केले की त्यास वेळेवर निरोप द्यावयाचा, आणि मगच खायच्या दाताने भाकरीचा पहिला तुकडा मोडावयाचा.